कडीताई आणि खारट चहा

वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांनी तिचं नाव कडीताई ठेवलं, यात त्यांचा काही दोष नव्हता. उमेदीची वर्षं तिनं मुलींचं वसतिगृह सांभाळण्यात काढलेली, आता हा आश्रम सांभाळत होती. तिथं दार उघडं राहिलं तर मुली बाहेर जातील ही धास्ती, इथं वारा आत येईल ही. कडी मात्र तीच. नवरा म्हणायचा, "माझ्याच घरात मी खोकून आत जातो." मग साथ आली आणि बिचाऱ्याची खोकायचीही सोय राहिली नाही. ताई आश्रमातच मुक्कामाला आली आणि नवरा तिचे धुतलेले कपडे फाटकावर अडकवून जाऊ लागला.

तशात एका दुपारी हॉस्पिटलची गाडी फाटकात उभी राहिली. आत आश्रमातलेच शिंपीकाका. खुब्याचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशनला गेले होते. आता साथीच्या पेशंटना खाटा हव्या होत्या, म्हणून हाडं जुळलेल्यांची पाठवणी चालली होती.

"रिपोर्ट निगेटिव्ह आहे, ताई," ड्रायव्हर म्हणाला. "माल तपासून दिलाय. परत घेतला जाणार नाही."

ताईनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "रिपोर्ट परवाचा आहे. त्यानंतर वॉर्डात कुणाकडून काय घेतलं असेल, ते आज दिसणार नाही. वेगळं ठेवता येत असेल तर ठेवा."

जागा ताईनं आधीच करून ठेवली होती. मागच्या अंगणातली कपडे वाळवायची खोली. स्वतंत्र दार, स्वतंत्र न्हाणीघर, समोरासमोर खिडक्या. "दोन आठवडे इथं," तिनं फर्मावलं.

"म्हणजे मी धुणं झालो," काका स्ट्रेचरवरूनच म्हणाले. "पिळणार कधी?"

वरच्या खिडकीत काकू उभ्या होत्या, शिंपीकाकांची बायको. दम्यानं छाती पोखरलेली, पण सकाळपासून शेजारच्या खाटेवरची चादर नीट करून करून त्यांनी चादरीचाच जीव काढला होता.

"अगं, रिपोर्ट चांगला आहे ना? तुझा नवरा असता तर?"

"माझा असता तर महिनाभर ठेवला असता, काकू. अशी आयती संधी पुन्हा येते का?"

सगळा आश्रम हसला. काकू सोडून. त्या दिवसापासून त्यांनी ताईशी अबोला धरला.

काकांचं सगळं ताई स्वतः करायची, गाऊन-मास्क-हातमोजे चढवून, आणि वरच्या मजल्यावर पाऊल टाकायची नाही. वरचं काम मदतनिसांकडे. आठवडा गेला. ताप नाही, खोकला नाही. काका ठणठणीत आणि काकू मात्र अर्ध्या ताटावर आलेल्या. शेवटी दगडालाही पाझर फुटतो. "चुकलंच माझं," ताईनं स्वतःशी कबूल केलं आणि मदतनिसांना सांगितलं, "आज संध्याकाळी नेऊ काकांना वर."

त्याच सकाळी स्वयंपाकिणीनं घोळ घातला. साथीच्या भीतीनं तिनं सगळ्या बरण्या उकळत्या पाण्यातून काढल्या, त्यात चिठ्ठ्या निघून गेल्या आणि चहात साखरेऐवजी मीठ पडलं. जेवणघरात एकच थू-थू झाली. ताई अंगणाकडे धावली, कारण सगळ्यात मोठं तोंड तिथं होतं. शिंपीकाकांना हयातीत एकही चहा आवडलेला नव्हता. लग्नातल्या चहाला नावं ठेवून ते सासुरवाडीत कायमचे प्रसिद्ध झाले होते.

कप रिकामा होता.

"प्यायलात?"

"प्यायलो की."

"कसा होता?"

"गरम होता."

ताईला आधी हसू आलं. मग ते अर्ध्यावरच थांबलं. तिनं लसणाची पाकळी ठेचून आणली, त्यांच्या नाकाखाली धरली. "कसला वास येतोय?"

"कसला?" काकांनी तिच्याकडे भाबडेपणानं पाहिलं.

चव आणि वास जाणं ही तर साथीचीच खूण. संध्याकाळी काका वर जायचे ते राहिलं. त्यांच्या नाकातला नमुना तपासायला गेला आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

ताईनं अंगणातूनच वर हाक मारून सांगितलं. काकूंनी काकांच्या रिकाम्या खाटेवरची चादर काढून घडी घातली. मग इतक्या दिवसांनी बोलल्या, "कडी नीट लाव गं."

काकांना ताप आला, गेला. बोटाला लावायचं यंत्र चांगले आकडे दाखवत राहिलं. ताईचीही तपासणी झाली, ती सुटली. वर कुणी साधं शिंकलंही नाही. शिंकायची हिंमतच कुणाची नव्हती म्हणा.

आणि एका सकाळी वाळवणाच्या खोलीतून आरोळी आली, "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

ताई गाऊनसकट खोलीकडे धावली. तिचा जीव भांड्यात पडला.

"काका, परत म्हणा ना!"

"बहिरी झालीस का? आलं महाग झालंय का, असं विचारतोय!"

पुढं डॉक्टरीणबाईंनी हिरवा कंदील दाखवला आणि काका वर गेले. ताईनं खाली वाळवणाची खोली धुवायला घेतली. बादली भरते न भरते तोच वरून ऐकू येऊ लागलं: उशी कडक आहे, पंखा कुरकुरतो, चादर अशी कुणी घातली? खिडकीत काकू आल्या.

"ताई, ती खोली अजून रिकामी आहे ना?"

"आहे की. का हो?"

"मी येते तिथं राहायला. कडी मी आतून लावीन."