मधला पोरगा

ओल्या कापसाचा कुबट वास आला की मला टाय घातलेला एक पोरगा आठवतो. आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्या साली हैदराबादच्या एका एमबीए कॉलेजचा एजंट त्याला घेऊन आमच्या घरी आला होता. "नवे जिल्हे, नव्या कंपन्या, मॅनेजर तर लागतीलच," एजंट म्हणाला. "हा आमच्या कॉलेजचाच पोरगा, आता बँकेत मॅनेजर हाय." मी हरखलो. बाबा मात्र कापसाचे खरेदीदार. गाडीतला वरचा कापूस ते बघतही नसत. कोपरापर्यंत हात खुपसून मधला ओढून काढत, कारण वजन वाढवायला पाणी मारलेला माल तिथंच दडवलेला असतो. त्यांनी टायवाल्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "हा पह्यला आलेला असन. याच्या वर्गातला मधला पोरगा काऊन नाई आनला? तो काय करून राह्यला?" टायवाला बशीकडं बघत राहिला. एजंटानं चहा संपवला आणि घड्याळ पाहिलं. मी तरी हट्टानं त्याच कॉलेजात शिकलो, वर्गात मधोमध पास झालो. आता आदिलाबादजवळच्या मावल्यातल्या एका दुकानात मोबाइल विकतो. तो एजंट अजून घरोघरी पोरं दाखवत फिरतो. मला त्यानं कधी सोबत नेलं नाही.