दुधनीपलीकडे दोनदा भरलेले नऊ फॉर्म

अंगणवाड्यांच्या पाहणीचं काम घ्यावं की नाही, याचा मी दोन दिवस घोर लावून घेतला होता. घरी आमची तेलुगू, बाहेर मराठी. कन्नड मला येत नाही. पण बारावी अर्धवट सोडलेल्याला नुसतं अक्षर नीट आहे म्हणून कोणी काम देत असेल, तर जावं, असं ठरवलं.

सोलापूरहून सकाळची पॅसेंजर होटगीवरून दुधनीला जाते. मी भवानी पेठेतून निघून तासभर आधीच स्टेशनवर हजर. दुधनीपासून पुढे वडाप, म्हणजे माणसं भरून चालणारं खासगी वाहन. ते भरल्याशिवाय हलत नाही, तेवढा वेळ धरून चाला. तिथेच कडक भाकरी, शेंगाचटणी, दही खाऊन घ्या. पुढे काही मिळत नाही.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रश्न दिल्लीत इंग्रजीत ठरलेले, पुण्याच्या संस्थेने मराठीत केलेले, आणि गावात घरोघरी कन्नड. अंगणवाडीच्या सेविका महादेवीबाई आपणहून दुभाषी झाल्या. "चला की सर, मी इचारते समद्यास्नी." मला हायसं वाटलं. दुपारपर्यंत नऊ घरं झाली. मुलांचं वजन दर महिन्याला होतं का? नऊ वेळा 'हो'.

दहाव्या घरी खैरूनबी नावाच्या आजी होत्या. मांडीवर दोन वर्षांची नात, हलिमा. मनगट इतकं बारीक की मी नजर वळवली. महादेवीबाई रजिस्टर आणायला गेल्या, तशा आजी दखनीत बोलल्या. ती आमच्या पेठेत सगळ्यांनाच समजते.

"क्या रे बाबा, जिसकी जाँच, उसीकू बोलने लगाया?"

मी हातातला फॉर्म खाली ठेवला.

"काटा टूटको साल होने आया. अंदाजे से लिखते. मेरी पोती कागद पे मोटी है."

कागदावर वजन ठीक, म्हणून हलिमाला जादा आहार नाही.

चूक माझीच होती. नऊही फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि महादेवीबाई आल्यावर त्यांना सांगितलं.

"म्हंजे मी खोटारडी व्हय?" त्या भडकल्या. मग ओट्यावर बसल्या. "काट्यासाटी तीनदा अर्ज दिलाय वर. रकाना मोकळा ठिवला की नोटीस मलाच. तुमच्या कागदात मला इचारायला जागा कुटं हाय?"

नव्हती.

मग दुभाषी म्हणून खैरूनबी पुढे, मी मागे, तीच घरं पुन्हा. एक बाई कन्नडमध्ये काहीतरी मोठ्याने बोलली. आजी हसल्या. "बोलती, सरकार सुबू का पूछा सो दोपहर कू भूल गया क्या?" या वेळी सात घरांनी 'नाही' सांगितलं. दोघींनी 'आठवत नाही'.

घरी येऊन मी प्रत्येक फॉर्मवर पट्टीने एक रकाना आखला: दुभाषी कोण? महादेवीबाईंचं म्हणणं वेगळ्या कागदावर लिहून जोडलं.

"असा रकाना संगणकात नाही," पुण्याच्या मॅडम फोनवर म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, "बाकीच्या गावांत दुभाषी कोण होतं?"

ते कोणीच लिहून ठेवलं नव्हतं. आता सगळीकडे पुन्हा विचारत आहेत.

या भागात पाहणीला जाणाऱ्यांनी दुभाषी आधी शोधावा, आणि तो कोणाचा कोण, हेही. अहवाल इंग्रजीत होऊन दिल्लीला जाईल, तिथून मुंबई, जिल्हा, तालुका असा नव्या काट्याचा हुकूम उतरेल. रस्ता लांब आहे, हे मला समजतं. पण मला निघताना एक साधा वजनकाटा पिशवीत टाकता आला असता, ते सुचलं नाही. हलिमाचं वजन किती, हे अजून कोणालाच माहीत नाही.