बोलका कॉम्प्युटर आणि सुदामभाऊंची खुर्ची

"फो-फो-फो-फो-फो."

स्पीकरमधून एवढंच येत होतं. थोडा वेळ फो-फो व्हायचं, मग यंत्र गप्प. मी ४२५ टाइप केलं होतं, म्हणजे त्यानं 'फोर टू फाइव्ह' म्हणायला हवं होतं. शनिवारची दुपार होती. सोमवारी सकाळी मॅनेजर साहेब तपासायला येणार होते, आणि सुदामभाऊंची नोकरी या फो-फोवर अडली होती.

कळंबजवळच्या एका दूध डेअरीच्या ऑफिसातली ही गोष्ट. साल दोन हजार एक असेल, नाहीतर दोन. घोडेगावात माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, तशी डिक्शनरी मांडीवर घेऊन मीही ते शिकले. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे ओरडायलाही कुणी नव्हतं. डेअरीचे कॉम्प्युटर मीच बघायचे.

सुदामभाऊ तिथले टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून दिसत नाही. रोज सकाळी गावोगावच्या दूध संस्थांचे त्यांना फोन यायचे. बोरी बुद्रुकचं इतकं लिटर, घोडेगावचं इतकं, फॅट इतकं. भाऊ ते ब्रेलच्या पाटीवर टोचून घ्यायचे, मग क्लार्कला वाचून दाखवायचे. क्लार्क ते कॉम्प्युटरात भरायचा. साहेबांच्या डोक्यात आलं, क्लार्कनंच फोन घेऊन थेट भरलं तर मधे माणूस कशाला? 'घरी बसा' असं ते तोंडावर म्हणाले नाहीत. पण खुर्ची हलवायची तयारी चालली होती, आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज भाऊंना आपल्यापेक्षा आधी ऐकू येतो.

मला राहवलं नाही. म्हटलं, साहेब, भाऊ स्वतःच भरतील, कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवेल. साहेब म्हणाले, सोमवारी दाखवा, नाही जमलं तर माझं ठरलेलं आहे.

बोलून तर बसले. विंडोजवर बोलणारा प्रोग्रॅम मिळायचा, पण परदेशी आणि डेअरी घेणार नाही इतका महाग. माझ्याकडे एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी होती. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम, फुकट आणि जरा हट्टी. तिच्यात पडद्यावरचं वाचणारा प्रोग्रॅम होता. त्याला आवाज द्यायला लागतं साउंड कार्ड. ते मी भंगारातल्या एका मशीनमधून काढून आणलं, चांगलं वीतभर लांब. आपल्याला पडदा, तसं भाऊंना ते कार्ड.

आता थोडं कार्डांबद्दल. मशीनमधल्या प्रत्येक कार्डाला कॉम्प्युटरला हाक मारायला एक नंबराची लाइन लागते. तिला आयआरक्यू म्हणतात. एका लाइनवर दोन जुनी कार्डं बसली की भांडतात. पाच नंबर मी आधीच नेटवर्कच्या कार्डाला देऊन ठेवला होता. म्हणून लिनक्सच्या फाइलमध्ये साउंड कार्डापुढे सात लिहिलं, मशीन चालू केलं आणि मोठ्या समाधानानं चहा मागवला.

चहा यायच्या आधी फो-फो सुरू झालं.

मग मी जे येत होतं ते सगळं केलं. स्पीकर बदलला. कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं. त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. लिनक्स पुन्हा पहिल्यापासून टाकलं. शिपाई चहाचे कप न्यायला आला आणि म्हणाला, "ताई, उचकी लागलीय त्याला. कुणीतरी आठवण काढत असंल, पाणी पाजा." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कप न घेताच गेला.

सुदामभाऊ इतका वेळ शेजारी स्टुलावर बसून नुसते ऐकत होते. एकदाही कंटाळले नाहीत. मग हळूच म्हणाले, "ताई, ह्ये बिघडलेलं न्हाई. ह्ये वाट बघतंय."

"कुणाची?"

"हुंकाराची. बोरीचे सेक्रेटरी असंच करत्यात. मी हं म्हणेपर्यंत त्योच आकडा सांगत बसत्यात. ह्यालाबी पलीकडनं कुणी हं म्हणत न्हाई."

लिनक्सच्या पुस्तकात तेच इंग्रजीत होतं. कॉम्प्युटर आवाजाचा एक तुकडा देतो. कार्ड तो वाजवतं आणि आपल्या लाइनवरून हं म्हणतं, मग पुढचा तुकडा मिळतो. हं पोचलंच नाही तर पहिलाच तुकडा फिरत राहतो. मी म्हटलं, भाऊ, त्या हुंकाराची लाइन मी ठरवलीय की, सात नंबर.

"कुठं ठरवलीय?"

"कॉम्प्युटरात लिहिलंय."

"आन् कार्डाला कुणी सांगितलं?"

भाऊच पुढे म्हणाले, "माझ्या वहीत लिवलं, स्टोअरचा फोन चोवीस नंबर, म्हणून वायर आपली आपण चोवीसवर जाती व्हय? फोनचा डबा उघडून हलवावी लागती."

नव्या कार्डांना नंबर सॉफ्टवेअरनं सांगता येतो. मला त्यांचीच सवय. या म्हाताऱ्या कार्डाला कोण सांगणार? ते आपलं पाचवरच हं म्हणत होतं आणि कॉम्प्युटर सातवर कान लावून बसला होता.

कार्ड बाहेर काढलं. कडेला पिनांच्या बारीक जोड्या आणि एका जोडीवर काळं टोपण, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा लहान. त्याला जंपर म्हणतात. होतं पाचवर. मी काढायला गेले तर चष्म्यातूनही दोन-दोन दिसायला लागले, आणि टोपण दोनदा टेबलावरून उडालं. दोन्ही वेळा भाऊंनी आवाजावरून शोधून दिलं. तिसऱ्यांदा मला दिलंच नाही. म्हणाले, कितवी जोडी तेवढं सांगा. मी म्हटलं, सातची जोडी डावीकडून तिसरी. त्यांनी नखानं मोजलं आणि बसवलं. कार्ड मशीनमध्ये परत लावून मी ४२५ टाइप केलं.

"फोर टू फाइव्ह."

भाऊंनी परत टाइप करायला लावलं. मग परत. शेवटी म्हणाले, "लई नाकातनं बोलतंय. पण चालंल." टायपिंग त्यांना ऑपरेटरच्या ट्रेनिंगपासून येत होतंच. रविवारभर त्या नाकातल्या इंग्रजीला कान सरावले.

सोमवारी एका कानाला फोन, दुसऱ्याला हेडफोन. साहेब पाठीशी उभे. बोरीचा आकडा आला, भाऊंनी सवयीनं पाटीवर टोचला, मग कॉम्प्युटरात भरला, यंत्रानं म्हटला, आणि भाऊ थांबले. बोट चुकलं होतं. पुसून पुन्हा भरला. साहेबांनी विचारलं, हे कानात काय बडबडतंय?

"तुमचं नाव न्हाई घेत साहेब. लिटर सांगतंय."

साहेब हसले नाहीत. शेवटच्या गावापर्यंत उभे राहिले, ब्रेलची पाटी भाऊंकडून वाचून घेऊन एकेक आकडा पडद्याशी ताडून पाहिला. मग क्लार्कला म्हणाले, तू उद्यापासून बिलं बघ, फोन यांच्याकडेच राहू दे. पुढे भाऊ त्याच खुर्चीवरून रिटायर झाले.

मी नंतर त्या कार्डाची माहिती नीट वाचली. जंपर हलवल्याशिवाय नंबर बदलत नाही, हे तिच्यात पहिल्याच पानावर होतं.