पांढऱ्या साडीतला चेहरा

मी उत्तर शोधले ते एकाच प्रश्नाचे: पांढऱ्या साडीतल्या नवरीचा चेहरा फोटोत काळा का पडतो?

माझे लग्न कर्जतजवळच्या आमच्या विहारात, भर सकाळच्या उन्हात झाले. बौद्ध रीतीप्रमाणे मी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या सदऱ्यात, मागे चुन्याची भिंत. फोटो काढायला नगरच्या स्टुडिओचा मालक स्वतः आला होता. अल्बम आणायला मी आईबरोबर गेले. साड्या नीट आल्या होत्या. भिंतही. माणसे नव्हती. गळ्याच्या वर नुसते काळे डाग. त्यातला आईचा कोणता, कळेना.

"चेहरे दिसत नाहीत," मी म्हणाले.

मालक म्हणाला, "कॅमेरा ऑटोमॅटिक हाय, बाई. तो जात बघत न्हाई. जे हाय तेच येतं."

दुकानातली गिऱ्हाइके हसली. मग तो आईकडे वळला. "मावशी, पुढच्या टायमाला पावडर लावून बसा."

काचेच्या कपाटात एका डॉक्टरच्या सावळ्या मुलीचा फोटो होता. पांढरीच साडी. नाकडोळे स्वच्छ.

"हा कसा आला?"

"ते हातानं सेटिंग केल्तं. मोठं घर हाय. तुमच्या मांडवात कोन येवढं करत बसतंय?"

म्हणजे त्याला येत होते.

"आसू दे, घे बाई," आई म्हणाली. मी अल्बम तिथेच टाकला. पुढच्या वर्षी आई गेली. तिचा एकही फोटो नाही. अल्बम घेतला असता, तरी त्यात ती नव्हतीच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. जुना कॅमेरा मिळवून हे शिकले. कॅमेऱ्यातला उजेडाचा मापक समोरचे सगळे सरासरी राखाडी धरतो. पांढरे जास्त दिसले की आत येणारा उजेड कमी करतो. चेहरा त्यात बुडतो. म्हणून चेहऱ्याजवळ जाऊन माप घ्यावे, ते हाताने कायम ठेवावे, मग मागे सरून फोटो काढावा. एवढेच त्याने आमच्यासाठी केले नाही.

मला दिलगिरी नको होती. मला त्याची गिऱ्हाइके हवी होती. आता तालुक्यातल्या आमच्या लग्नांना फोटो काढायला मी जाते, मी शिकवलेल्या मुली जातात. त्याने निरोप धाडला, "बाई, मिटवून टाका." मी मिटवणार नाही. कर्जत झाले, आता नगर. त्याच्या दुकानाला कुलूप लागेपर्यंत.

माझ्या शब्दावर विसंबू नका. सावळ्या माणसाला पांढरे कपडे घालून चुन्याच्या भिंतीपुढे उभे करा. एक फोटो ऑटोमॅटिकवर काढा, एक हाताने माप ठेवून. दोन्ही शेजारी ठेवून स्वतः पाहा.