दहाच्या आत पोचवायचे पाव

फ्रेंच पद्धतीच्या पावाची स्पर्धा असते आणि तिच्यात भाग घ्यायला माणूस धंद्याने बेकर असावा लागतो, हे मी आमच्या माणसांना किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. पुण्याहून नणंद फोनवर म्हणाली, "म्हणजे टीव्हीवर दिसणार का गं?" इथल्या मराठी ग्रुपवर एकीने विचारलं, "एगलेस आहे ना?" अगं बाई, पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण, एवढंच असतं त्यात. आणखी काही घातलं तर स्पर्धेतून बाहेर काढतात, अंडं कुठून आणू? त्यावर तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि पावभाजीसाठी दोन डझन मिळतील का, असं विचारलं.

डच लोकांचं तर बोलायलाच नको. उइटहॉर्न गावातल्या आमच्या घरी गॅरेजात मी भट्टी बसवली, खेमेंतेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, परवानगी काढली, तेव्हा शेजारीपाजारी कौतुकाने पाव घ्यायला आले. छान आहे म्हणाले, पण जरा मऊ नाही का मिळणार? आणि मशीनवर कापून द्याल का? ज्याचं कवच कुरकुरीत व्हावं म्हणून मी जिवाचं रान करते, त्याचे स्लाइस करून प्लास्टिकच्या पिशवीत भरायचे! नवरा म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणजे देव." असेल देव, पण या देवाला दात नाहीत.

त्यात सासूबाई. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानंच बंद झाली. माझा प्रत्येक पाव हातात घेऊन, वरून-खालून बघून म्हणायच्या, "परत करपवलास."

"आई, तो असाच गडद लागतो."

"हो का? मग बरोबर आहे," असं म्हणून कवच सोलून बाजूला ठेवायच्या आणि आतला मऊ भाग चहात बुडवून खायच्या. मी दात ओठ खात भांडी घासायची.

म्हणून तर मला ती स्पर्धा हवी होती. बाजारात चीजचं दुकान चालवणाऱ्या बाईने मला तोंडावर सांगितलं होतं, पहिल्या दहांत आलीस तर रोज सकाळी तुझा पाव दुकानात ठेवीन. नाहीतर, वाईट वाटून घेऊ नकोस, पण हौसेचा पाव तो हौसेचाच. वाईट कसं वाटणार नाही? नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको म्हणून मी इथे इतकी वर्षं काढली होती. कुणीतरी मला एकदा बेकर म्हणावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

स्पर्धा मार्चमध्ये व्हायची होती. कोरोनामुळे ती जूनवर गेली, मग जुलैवर. शेवटी आयोजकांनी कळवलं की हॉलमध्ये भाजायचं नाही. आपापल्या भट्टीत भाजा आणि एकसारखे चार गोल पाव आणून द्या. बेकरने स्वतः यायचं, दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही, आणि सकाळी दहाला दार बंद. हॉल आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर.

स्पर्धेच्या पंधरवडाभर आधी पुण्यात मामा गेले. सासूबाईंचे थोरले भाऊ. कोरोनानेच गेले, घरच्यांना तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा स्वतः हॉस्पिटलात ऑक्सिजनवर, त्यामुळे दहाव्याचे पिंड ठेवायलाही कुणी नव्हतं. सासूबाई रडल्या नाहीत. "वय झालं होतं त्याचं," म्हणाल्या आणि शेंगा निवडायला बसल्या. माझ्या पावांना नावं ठेवायचंही त्यांनी सोडून दिलं.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी सहा गोळे वळले, वेताच्या टोपल्यांत ठेवले, वर पांढरी फडकी घातली आणि गॅरेजातल्या मोठ्या फ्रीजमध्ये रात्रभर फुगायला ठेवले. चार द्यायचे, दोन हाताशी असावेत म्हणून. सकाळी भट्टी तापवून मी पहिलं फडकं उचललं आणि किंचाळलेच. गोळ्यात चार बोटं खोल खुपसलेली. दुसऱ्यात तेच. सहाच्या सहा!

"आई! हे कुणी केलं?"

सासूबाई चहाचा कप घेऊन दारातच उभ्या होत्या. "मी. दूध घ्यायला आले होते. कणीक मळून ठेवली की बोटं उमटवायची असतात, तुला तुझ्या आईने शिकवलं नाही का? गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो."

"अहो, पिंड कसला, पाव आहे तो! सबंध रात्रीची हवा काढून टाकलीत तुम्ही त्याच्यातली!"

"कळतंय मला पाव आहे ते," त्या म्हणाल्या. "पण ओळीने पांढऱ्या फडक्याखाली ठेवलेले. मला बघवेना."

मी डोक्याला हात लावला. रडायला वेळ नव्हता. टोपली उलटी केली की बोटं पावाच्या बुडाशी जाणार होती, तेवढीच आशा. मी पहिला उलटणार, तोच त्या म्हणाल्या, "एक मला देशील? कच्चाच."

"घ्या! सगळेच घ्या आता!" मी ओरडले. त्यांनी खरंच एक उचलला आणि परसात गेल्या.

उरलेले पाच मी भाजले. थोडे बसके झाले, पण रंग आला, ब्लेडने दिलेली चीर सुरेख उघडली. त्यातले चार निवडून मी खोक्यात भरले, गाडीत ठेवले आणि सांगायला म्हणून मागे गेले.

सासूबाईंनी बागेतल्या बाकावर केळीच्या पानाऐवजी आमची चांगली ताटली मांडून त्यावर तो गोळा ठेवला होता. वर तीळ. समोर हात जोडून उभ्या. कुंपणावर तीन-चार कावळे बसलेले, आणि एकही खाली उतरायला तयार नाही. इथल्या कावळ्यांना कसली भूक? चिप्स खाऊन माजलेत मेले.

"तू जा," त्या म्हणाल्या. "तुला उशीर होईल."

मी नवऱ्याला हाक मारली. तो कानाला हेडफोन लावून खिडकीत आला आणि दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं. "अरे, तुझा मामा आहे!" मी म्हटलं. त्याने मान डोलावली आणि खिडकी लावून घेतली. दोन मिनिटं झाली, दहा झाली. कावळा शिवेना.

"दादा, मुलाची काळजी करू नकोस, बरा होईल तो," सासूबाई म्हणाल्या. कावळे ढिम्म. "दादा, वहिनीला मी अंतर देणार नाही." काही नाही. "दादा, तुझ्या बागेला पाणी घालायला सांगते." त्यांचा आवाज बसत चालला होता. मी गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरून उभी. जायचं तर आत्ताच जायला हवं होतं. पण या बाईला त्या ताटलीपुढे एकटीला टाकून माझा पाय निघेना, आणि निघत नाही म्हणून माझीच मला अशी काही चीड आली की विचारू नका.

शेवटी माझा बांध फुटला. "अहो मामा! पहिलं विमान सुरू झालं की आईंना पुण्याला आणून पोचवते मी, स्वतः! पण आता शिवा हो एकदाचे!"

त्यानंतर कितीतरी वेळाने एक कावळा उतरला. ताटलीभोवती दोनदा फिरला, गोळ्याला चोच मारली, आंबट लागलं असावं, मान झटकली आणि परत मारली.

"शिवला गं," सासूबाई म्हणाल्या. "शिवला."

मी घड्याळ बघितलं. दहा वाजून गेले होते. गाडीत माझे चार पाव होते, आणि ते आता फक्त पाव होते. मी बाकाच्या कडेला बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. मामांना मी उभ्या जन्मात दोनदा भेटले होते. मी त्यांच्यासाठी रडत नव्हते, माझ्या पावांसाठी रडत होते.

सासूबाई माझ्याजवळ बसल्या. त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं आणि पंधरवड्यात पहिल्यांदा त्यांचा हुंदका फुटला. "रड गं पोरी, रड," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी रडायला इथे कुणीच नव्हतं बघ."

मी आणखी मोठ्याने रडले.