उपकेंद्राचं कुलूप

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही किरटं. कुणी हे वाचलंच तर सांभाळून घ्यावं. बोलून कधी सांगता आलं नाही, म्हणून केसपेपरच्या जुन्या वहीत लिहितेय.

डॉक्टर वारल्याचं मला दवाखाना झाडताना कळलं. ते लेकीकडे शिरूरला गेले होते, तिथून सकाळी फोन आला. त्यांच्या बायको, आमच्या ताई, दारात येऊन म्हणाल्या, "सुंदरा, आज बाकडी बाहेर काढू नको..." आणि आत गेल्या. त्याला दीड महिना झाला.

पाटसच्या पलीकडे आमच्या गावात त्यांचा खासगी दवाखाना. सोळा वर्षं मी तिथे सुया उकळल्या, फरशी पुसली. दर आखाडात ते एक पत्र्याची पेटी उघडायचे. सलाईन, नळ्या, मीठ-साखरेची पाकिटं, विहिरीत टाकायची पावडर. तारखा बघून जुनं काढायचे, नवं भरायचे. झाकणाला आतून एक यादी चिकटवलेली... जीप कुणाकडे, खाटा कुणाच्या ओसरीवर मावतील. पारावरचे आबा चिडवायचे, "डॉक्टर, साथीला आवतान धाडता का काय?"

"ती बिनआवतानाची येती, आबा. म्हणून ताट वाढून ठेवतो."

दौंडला, तालुक्याच्या कचेरीत, ते दरवर्षी अर्ज करायचे, की साथीच्या तयारीच्या मीटिंगला गावोगावच्या आम्हा डॉक्टरांनाही बोलवा, कुठे काय ठेवलंय ते सांगा, कारण माणूस आधी आमच्या दारात येतो. उत्तर यायचं नाही. एकदा एका साहेबांनी तोंडावर सांगितलं, "तुम्ही प्रायव्हेट. लागलं तर कळवू."

त्याच वर्षी कारखान्याचं गळीत सुरू झालं आणि ऊसतोडीच्या टोळ्या कालव्याकडेला उतरल्या. एका सकाळी उलट्या-जुलाबाची माणसं बैलगाड्यांतून यायला लागली. दुपारपर्यंत पेटी रिकामी झाली. समोरच्या सरकारी उपकेंद्राला कुलूप होतं. नर्सबाई किल्ली घेऊन दौंडला गेलेल्या, त्याच साथीच्या तयारीच्या मीटिंगला. डॉक्टरांनी स्वतःच्या पैशानं सलाईन आणायला जीप दौंडला धाडली. टोळीतली बीडकडची हौसा ओसरीवर पडली होती. नवरा तिचे पाय चोळत विचारायचा, "सायेब, अजून किती येळ?"

"आलीच बघ जीप," डॉक्टर म्हणायचे. दहादा म्हणाले असतील. जीप आली तेव्हा हौसाच्या तोंडावर पदर टाकलेला होता.

संध्याकाळी नर्सबाईंनी कुलूप काढलं. आत सलाईनची खोकी, पार छतापर्यंत. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला कळवलं असंल वरनं." डॉक्टर उंबऱ्यावरच बसले. "चाळीस पावलं," एवढंच बोलले.

ती खोकी मी पाहिली होती. आठ दिवस आधी पाण्याला जाताना, टेम्पोतून उतरवताना. वरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण बाटलीचं चित्र तेच होतं. मला वाटलं, डॉक्टरांना ठाऊक असणारच. त्या दुपारी जीप निघाली तेव्हा शब्द ओठांवर आले होते... पण सरकारी कुलूप तोडा, असं माझ्यासारखीनं कुणाला सांगायचं? जीप येईलच, म्हणून गप्प राहिले.

पुढेही ते पेटी भरत राहिले, अर्ज मात्र पुन्हा केला नाही. पण दर आखाडात एकदा तरी म्हणायचे, "सुंदरा, उतरवताना कुणीतरी पाहिलं असंल की गं." मी मान खाली घालून पेटीचा पत्रा पुसत राहायचे. गेल्या वर्षीच्या, त्यांच्या शेवटच्या आखाडातही पुसतच राहिले.

हौसा गेली त्या दिवसाच्या सलाईनचं बिल त्यांनी तालुक्याला दिलं होतं. ते कितीदा तरी परत आलं. कधी सही नाही, कधी शिक्का नाही. परवा ताईंनी हाक मारली. "हा कागद पेटीत ठेव."

पेटी उघडली. यंदा ती भरलीच नव्हती. झाकणावरच्या यादीत सगळ्यात खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ वाढलेली होती : 'उपकेंद्र – आत काय आहे, सुंदराला विचारणे.'

कधी लिहिली, कुणास ठाऊक. विचारलं तर त्यांनी दरवर्षी होतं.

"काय गं, कसला कागद ते विचारलं न्हाईस," ताई म्हणाल्या. "सलाईनचे पैसे आले. सगळे दिले बघ, एक रुपया कापला न्हाई."