बाबांचा वन्स मोअर

तालुक्याच्या मूल गावातल्या एसटी स्टँडवरून नागपूरच्या गाडीत चढलो तेव्हा माझा डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि सदरा पाठीला रक्ताने चिकटला होता. मारणारा माझा बाप. अडवायला कोणी उठलं नव्हतं, कारण समोरच्या अख्ख्या गावाला ते नाटकच वाटलं होतं.

गावकऱ्यांनो, तुम्ही होतात तिथे. आणि माझ्यासारख्या बाहेर पांगलेल्यांनो, आपल्याकडची रीत तुम्ही विसरला नसाल. धान निघालं की शंकरपट. दिवसा बैल पळणार, रात्री त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या रिकाम्या शेतात, मांडव ठोकून नाटक. ऐंशीनंतरची ती वर्षं. मी घरात कमी, जंगलात जास्त. मोहफुलं वेचताना अस्वल दूर राहावं म्हणून हाळी द्यायची, त्यातच माझा आवाज तयार झाला. तो ऐकून नाटक मंडळीच्या मालकाने मला थेट खलनायक केलं. बाबा म्हणायचे, "जंगलात गेला तं वाघ खाईन, नाटकात गेला तं लोकं खातीन."

त्या रात्रीच्या प्रवेशात मी दारू पिऊन म्हाताऱ्या आईला लाथ घालतो. लाथ खोटी, पण घातली जीव ओतून. ताडपत्रीवर बसलेली माझी खरी आई किंचाळली, "नको मारू रे तिले!" ते किंचाळणं बाबांना सोसलं नाही. बैल हाकायची, टोकाला अणकुचीदार आर लावलेली काठी घेऊन ते स्टेजवर चढले.

"मायले मारून राह्यला काऊन बे?"

पहिला फटका डोळ्यावर. मग पाठीवर किती, ते देवाला ठाऊक. आर मांसात रुतत होती, मी गुरासारखा ओरडत होतो, आणि मांडव दणाणला, "वन्स मोअर!" शिट्ट्या, टाळ्या. बाबा थबकले. लोकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काठी पुन्हा उचलली. आईने येऊन हात धरला तेव्हा थांबले. म्हणाले, "घरी आला तं तंगडी तोडीन."

नागपूरहून पुढे पुण्यात आलो. दिग्दर्शकाने पहिल्याच तालमीत सांगितलं, आवाज खाली. आणला. इथे टेकडीला जंगल म्हणतात, टाळ्या शेवटी मोजूनमापून वाजवतात. बाबांवरचा राग मात्र मी जपून ठेवला होता.

आई गेल्यावर ते एकदाच माझा प्रयोग बघायला आले. नाटकात पोलीस मला लाठीने झोडपतो. प्रयोग रंगला होता, प्रेक्षक चिडीचूप. आणि तिसऱ्या रांगेतून घोगरा आवाज आला, "वन्स मोअर!" लोक माना वळवून बघू लागले. पोलीस झालेला नट गोंधळला. मी उठलो, पाठ वळवून पुन्हा उभा राहिलो आणि त्याला हळूच म्हणालो, "मार."

प्रयोगानंतर बाबा मेकअप रूममध्ये आले. माझा सदरा वर केला आणि जुन्या वणांवरून बोट फिरवत राहिले.

"लय लागलं काय रे?"

कोणता मार, ते मी विचारलं नाही. इतकी वर्षं "नाही, काही नाही" हेच उत्तर सगळ्यांना देत आलो होतो. घर म्हणजे काय ते तेव्हा कळलं, कारण तोंडातून भलतंच निघालं.

"हो बाबा. लय लागलं."